मदत हवी आहे: टास्मानियात डेव्हिल आणि क्वोलचे रात्रीचे फोटो

मंडळी, जुलैत आठवडाभर टास्मानियाला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या बेटावर, चाललोय, मेलबर्नहून जवळच आहे. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात टास्मानियन डेव्हिलवर (कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेला मांसाहारी प्राणी; क्वोल हा त्याचाच छोटा, ठिपकेवाला भाऊबंद) लेख देतो म्हणून उत्साहात कबूल करून बसलो आणि आता संपादकबाई म्हणतात फोटो पण तुमचेच हवेत.

मजकूर बराचसा झालाय. १९९६ साली ईशान्य टास्मानियात तोंडावर गाठी आलेले डेव्हिल पहिल्यांदा टिपले ते एका फोटोग्राफरनेच, मग कळलं की हा संसर्गजन्य कॅन्सर आहे, एकमेकांना चावले की जिवंत कॅन्सरपेशीच दुसऱ्याच्या अंगात जाऊन वाढतात, काही भागांत तर ऐंशी टक्क्यांवर डेव्हिल संपले. हे सगळं लिहिलंय, घोडं अडलंय ते फोटोपाशी.

कॅमेरा कॅनन आर ७, लेन्स १००-४०० एफ ५.६-८, उजेड कमी घेणारी, म्हणजे अंधारात आनंदच. फ्लॅश मारला तर त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो का? क्रेडल माउंटनला जावं की मरिया आयलंडला? आणि अभयारण्यातल्या पिंजऱ्यातल्या डेव्हिलचा फोटो छापला तर ती फसवणूक होईल का? सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे रात्रभर झुडपात बसणं जमणार नाही.

रानवाटा: ती लेन्स दिवसा वॉम्बॅटसाठी (बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी) ठेवा. रात्रीला ५० एमएम एफ १.८ घ्या, उजेड जास्त घेते, स्वस्तात मिळते आणि क्रेडलला केबिनच्या आसपास क्वोल बऱ्यापैकी जवळून जातो. टॉर्चला लाल फिल्टर लावा, तोही कमी उजेडाचा. लाल उजेडात रंग बोंबलतात, फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून टाका. फ्लॅश माझ्या मते नकोच, निशाचर प्राण्याला थोडा वेळ का होईना काही दिसेनासं होतं आणि रस्ता शेजारीच असतो. आणि कृपा करून चिकनचा तुकडा टाकून बोलवू नका, लोक सर्रास करतात, डोकं फिरतं माझं.

क्वोल तिथे दोन जातींचे: शेपटीवर ठिपके असतील तर तो मोठा स्पॉटेड-टेल, शेपटी साधी असेल तर ईस्टर्न. ईस्टर्न काळा पण असतो, त्याच्यावरही पांढरे ठिपकेच. मुख्य भूमीवरचा शेवटचा ईस्टर्न १९६३ मध्ये सिडनीत दिसला होता, त्यामुळे अंकात त्यालाही जागा द्या.

होबार्टची_माई: अरे, मरिया आयलंडला ट्रायबुन्नाहून फेरी आहे, पण डेव्हिल रात्री फिरतो म्हणजे तिथे मुक्काम आला आणि बेटावर दुकान नाही, पोरीचा खाऊ इथूनच ने. तिथले डेव्हिल २०१२ पासून मुद्दाम नेऊन सोडलेले आहेत, कॅन्सर न झालेले. त्यांनी तिथली छोट्या पेंग्विनची वसाहत पार संपवली, तीन हजार जोड्या होत्या म्हणतात. एक वाचवायला गेलं की दुसरं जातं, हेही लेखात येऊ दे, नुसतं गोडगोड नको.

पिंजऱ्यातला फोटो खुशाल छाप, खाली तसं लिही म्हणजे झालं. लपवलंस तर फसवणूक.

गाडी संध्याकाळनंतर हळू चालव. रस्त्यावर मेलेलं वॉलबी (छोटा कांगारू) खायला डेव्हिल येतो आणि स्वतःच चिरडला जातो. सुरक्षित असेल तरच थांबून मेलेलं जनावर कडेला कर, मादी असेल तर पिशवीत पिल्लू आहे का बघ आणि असेल तर ओढून काढू नकोस, बोनोरॉंग प्राणी अभयारण्याच्या रेस्क्यूला फोन कर, रात्रीही उचलतात. गाठीवाला डेव्हिल दिसलाच तर फोटो काढ आणि जागा लिहून सरकारी डेव्हिल प्रोग्रॅमला कळव, अंकापेक्षा तिथे त्याचा उपयोग जास्त.

धागाकर्ता: माई, रानवाटा, खूप आभार! मग क्रेडलच पक्कं, मरिया पुढच्या खेपेला. पेंग्विनचा परिच्छेद आजच घालतो. मेलबर्नमध्ये कुणाकडे कॅननची आरएफ ५० एमएम लेन्स पडून आहे का, आठवडाभरासाठी?