घराजवळच्या बंदरातून क्रूझ, की विमानाने दूरचं बंदर गाठून? तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

पुढच्या वर्षी आम्ही सात जण क्रूझला जायचं म्हणतोय. सासू-सासरे, माझी आई, आम्ही दोघं आणि अकरा व सहा वर्षांची मुलं. दोन पर्याय समोर आहेत आणि गेले तीन आठवडे घरात रात्रीचं बोलणं त्याच विषयावर येऊन थांबतंय.

पहिला पर्याय म्हणजे गाडीने दोन तासांवरच्या बंदरातून सुटणारं जहाज. सात रात्री, त्यातले तीन दिवस नुसता समुद्र, बंदरं तीनच. दुसरा म्हणजे विमानाने बार्सिलोनाला जायचं आणि तिथून जहाज पकडायचं. रात्री तेवढ्याच, पण जवळजवळ रोज एक नवं बंदर.

भाड्याचा हिशोब करून ठेवलाय, तो विचारत नाही. माहितीपत्रकात जे छापत नाहीत ते मला हवंय. निघायच्या आदल्या दिवशी काय झालं, जहाज कुणाचं चुकलं का, वयस्कर माणसांना कसं झेपलं, परतीला जीव किती दमला. फसलेले बेतही लिहा, त्यांचा उपयोग जास्त होतो.

*

जहाज चुकलेला प्रवासी

मग मीच सुरुवात करतो. आमचं जहाज खरंच चुकलं.

रोमहून संध्याकाळी सातला सुटणार होतं. आमचं विमान सकाळी साडेअकराला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरणार, म्हणजे हातात साडेसात तास. एवढा वेळ कुणालाही पुरेल असंच वाटलं होतं. पण पहिलं विमान उशिरा सुटलं आणि पुढचं हुकलं. दोन तिकिटं दोन कंपन्यांची, वेगवेगळी काढलेली, त्यामुळे हुकलेल्या विमानाची जबाबदारी कुणावरच नव्हती. नवीन तिकीट काढून उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते. बॅगा पट्ट्यावर यायला पाऊण तास गेला. आणि रोमचं बंदर रोममध्ये नाहीच. ते चिविताव्हेक्कियाला, रोम शहरापासून सत्तरेक किलोमीटरवर आहे, हे मला माहीत होतं, पण संध्याकाळच्या गर्दीत ते अंतर किती लांबतं याचा विचार केलाच नव्हता.

साडेसहाला धक्क्यावर पोहोचलो. जहाज समोर उभं, दोर बांधलेले, बाल्कन्यांत माणसं हात हलवतायत. जहाजात चढायचा पूल, म्हणजे गँगवे, मात्र काढून घेतलेला. बायको बॅगेवर बसून राहिली, बराच वेळ एक शब्द बोलली नाही. जहाज डोळ्यांसमोर हलायला लागलं, तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, आपली खोली कुठली असेल?"

बंदरातल्या एजंटाने धीर दिला. जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी नेपल्सला लागणार होतं. रात्र रोममध्ये काढली, पहाटे उठून जलद रेल्वेने सव्वा तासात नेपल्स गाठलं आणि तिथे चढलो. एक रात्रच गेली म्हणायची. पण तेव्हापासून आमचा नियम ठरला: विमानाने जायचं असेल तर निदान एक रात्र आधी, आणि सगळी विमानं एकाच तिकिटावर.

*

जहाजावर नोकरी केलेला

वरचा अनुभव वाचून वाईट वाटलं. मी सहा वर्षं प्रवासी जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरला होतो. गँगवे निघाल्यावर धक्क्यावर उभी राहिलेली कुटुंबं मी आतून पाहिली आहेत, आणि तेव्हा काहीच करता येत नाही.

"दहा मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं?" असं लोक विचारतात. जहाज बंदरातून बाहेर काढणाऱ्या पायलटची वेळ ठरलेली असते, ते ओढणाऱ्या टग बोटी ठरलेल्या असतात, काही बंदरांत भरती-ओहोटीचं गणित असतं. पुढच्या बंदरात धक्का आपल्यासाठी राखलेला असतो, तिथे सहलीच्या बसगाड्या सकाळपासून उभ्या असतात. उशीर भरून काढायला वेग वाढवावा लागतो, आणि वेग थोडा वाढवला तरी इंधन त्याच्या कितीतरी पट जास्त जळतं. शिवाय प्रवाशांची अंतिम यादी सरकारकडे गेलेली असते. अमेरिकेतून सुटताना ती निदान ६० मिनिटं आधी द्यावी लागते. म्हणून चेक-इन सुटण्याच्या एक ते दीड तास आधीच बंद होतं. तिकिटावरची वेळ जहाज सुटण्याची असते. तुमची वेळ त्याआधीची, ती वेगळी लिहून ठेवा.

विमानाचं तिकीट क्रूझ कंपनीमार्फत घेतलं असेल, तर उशीर झाल्यावर तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची धावपळ साधारणपणे कंपनी करते. स्वतः घेतलं असेल तर ती तुमची. अटी वाचूनच घ्या, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी कंपनीमार्फतच घ्यायला सुचवतो.

आणखी एक. "चुकलं तर पुढच्या बंदरात गाठू" हे सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आजही लागू आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाला एका अमेरिकन बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात कायमचा उतरवता येत नाही, मध्ये कायद्याच्या व्याख्येतलं दूरचं परदेशी बंदर लागलं असेल तरच तसं करता येतं. आणि बहुतेक क्रूझ जहाजं परदेशी ध्वजाचीच असतात. समजा मायामीला जहाज चुकलं आणि तुम्ही पुढच्या अमेरिकन बंदरात, म्हणजे 'की वेस्ट'ला, जाऊन उभे राहिलात. परतीला उतरणार मायामीलाच, म्हणजे तुमच्यापुरता प्रवास की वेस्ट ते मायामी असा झाला. चढू देणार नाहीत. युरोपात नेपल्सला जमलं म्हणून तिथेही जमेल असं धरू नका.

*

आईला घेऊन जाणारी

ताई, तुमच्याकडे तीन वयस्कर माणसं आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

आई बॅटरीच्या व्हीलचेअरवर असते. विमानात खुर्ची सामानाच्या कप्प्यात जाते. बॅटरीचे नियम, तिची क्षमता, विमान कंपनीची आधी घेतलेली परवानगी, हे सगळं मी नीट केलं होतं. तरी एकदा खुर्ची परत मिळाली तेव्हा चालवायचा दांडा मोडलेला होता. आईसाठी ती खुर्ची म्हणजे तिचे पाय. पुढचे आठ दिवस ती ढकलायच्या खुर्चीत माझ्या भरवशावर बसून होती, आणि "तुला त्रास होतोय" एवढंच म्हणत राहिली. मला अजून ते आठवलं की घशात दाटून येतं.

पुढच्या वेळी घराजवळचं बंदर निवडलं. गाडी टर्मिनलच्या दाराशी थांबली, आई स्वतःच्या खुर्चीत बसून रॅम्पवरून थेट केबिनपर्यंत गेली. श्वासाचं यंत्र, औषधांची पेटी, तिची ती ठरावीक उशी, सगळं बरोबर. २३ किलोंचा काटा नाही. पहिल्या संध्याकाळी ती डेकवर एकटी फिरून आली आणि मला शोधत येऊन सांगितलं की वरच्या मजल्यावर वाचनालय आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रुंद दाराच्या, उंबरठा नसलेल्या केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात, त्या लवकर संपतात. आणि जिथे जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटीने उतरवतात, तिथे व्हीलचेअरवाल्यांना बऱ्याचदा उतरता येत नाही. सँटोरिनी हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. मार्गात किती बंदरं टेंडरची आहेत ते आधी विचारा. घरून निघालात काय आणि विमानाने गेलात काय, हा प्रश्न राहतोच.

*

समुद्र लागलेला

घरचं बंदर जवळ असलं तरी जिथे जायचं ते जवळ असतंच असं नाही. आम्ही इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्राकडे जाणारं जहाज घेतलं, कारण तिथवर गाडीने जाता येत होतं. पण वाटेत बिस्केचा उपसागर लागतो, आणि आम्ही निवडला होता नोव्हेंबर. दोन दिवस मी केबिनच्या छताकडे बघत पडून होतो. येताना पुन्हा तेच पाणी. बारा रात्रींतल्या चार अशा गेल्या. विमानाने बार्सिलोना गाठलं असतं तर हा सगळा पट्टा वरच्यावर दोन तासांत पार झाला असता.

मुलं मात्र मजेत होती, त्यांना ते दोन दिवसच सगळ्यात आवडले. ताई, समुद्रातले तीन दिवस म्हणजे वाया गेलेले दिवस असं समजू नका, पण महिना कोणता ते बघा. केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात.

*

व्हेनिसला मुक्काम ठोकलेली

जहाज चुकलेल्या दादांनी रोमचं सांगितलं, व्हेनिसचं मी सांगते. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे व्हेनिसच्या नावावर विकल्या जाणाऱ्या कितीतरी क्रूझ मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहून सुटतात. आमची राव्हेन्नाची होती. मी "व्हेनिस" एवढंच वाचून तिथलं हॉटेल घेतलं आणि सकाळी सगळ्यांना घेऊन दीडशेएक किलोमीटर बसने धावले.

"पॅरिस" म्हणजे बहुधा ल हाव्र असतं, "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंडे, दोन्ही शहरापासून दोनेकशे किलोमीटर. उलट बार्सिलोनाचं बंदर शहरालाच लागून आहे, विमानतळही जवळ. तुमचा दुसरा पर्याय त्या बाबतीत खरंच चांगला आहे.

*

अलास्काहून आलेले आजोबा

सगळे विमानाला घाबरवतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वय वर्षं ७१. घरच्या बंदरातून आम्ही दोघं चार वेळा गेलो, चारही वेळा तीच तीन-चार बंदरं. जहाज एका आठवड्यात फिरून परत येणार, तर जाणार तरी किती लांब? पाचव्या वेळी ठरवलं की आता जिथे जहाजाशिवाय नीट जाताच येत नाही तिथे जायचं.

कॅनडातल्या व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सीवर्डपर्यंत एकमार्गी प्रवास घेतला. सिॲटलहून जाऊन-येऊन असणाऱ्या सहलीही आहेत, विमानाच्या दृष्टीने त्या सोप्या, एकाच विमानतळावरून ये-जा. पण त्यातली बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, मोकळ्या महासागरातून जातात. व्हँकुव्हरहून निघालं की बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जहाज वर सरकतं. दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी तळ्यासारखं शांत. पहाटे चार वाजता ही डेकवर घोंगडी गुंडाळून बसलेली असायची, मला उठवायची नाही. हिमनदीतून घरासारखा तुकडा सुटून पाण्यात पडला, आवाज नंतर आला. कुणीच काही बोललं नाही.

सीवर्डला उतरून रेल्वेने अँकरेज, जवळपास दोनशे किलोमीटर, बराचसा प्रवास पाण्याच्या कडेने. जाताना एका विमानतळावर, येताना दुसऱ्या, त्यामुळे तिकीट किचकट झालं. व्हँकुव्हरला दोन रात्री आधी पोहोचलो होतो, पहिला दिवस झोपेतच गेला. पायांना सूज आली, ती दुसऱ्या दिवशी उतरली. पण पुन्हा विचारलंत तर पुन्हा जाईन.

*

व्हिसाच्या रांगेतली

ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो त्यांच्यासाठी. ग्रीसमधल्या पिरेयसहून निघून तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसमध्ये येणार असाल, तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडून पुन्हा आत येता. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्हनिकसाठी आता ही अडचण नाही. विमान वाटेत कुठे बदलताय, तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही बघा. आमच्यातल्या एका जोडप्याला तेवढ्यासाठी विमानतळावरून परतावं लागलं.

*

दोन मुलांची आई

परतीबद्दल थोडंसं. जहाज पहाटे सहाला लागलं म्हणजे सहाला उतरता येतं असं नाही. गटागटाने सोडतात, आम्हाला साडेनऊ झाले. सकाळी साडेदहाचं विमान घेतलं होतं, ते गेलं. दुपारनंतरचं घ्या. उलट एकदा घरच्या बंदराला उतरलो तेव्हा मुलं गाडीत बसताक्षणी झोपली आणि डोळे उघडले ते घरीच.

*

जहाजावर नोकरी केलेला

घरचं बंदरही दरवेळी हक्काचं नसतं. २६ मार्च २०२४ ला मालवाहू जहाजाच्या धडकेने अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला, बंदराची वाट बंद झाली. तिथून आधीच निघालेली क्रूझ जहाजं परतीला नॉरफोक या दुसऱ्या बंदराला लागली आणि लोकांना बसने बाल्टिमोरला आणावं लागलं, कारण गाड्या तिथे उभ्या होत्या. असं क्वचितच होतं. पण धुक्याने बंदर काही तास बंद राहणं नेहमीचं आहे, म्हणून घरच्या बंदरातून निघालात तरी परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा वगैरे ठेवू नका.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. अलास्काच्या आजोबांचं वाचताना सासूबाई एकदम सरसावून बसल्या आणि आईने व्हीलचेअरचा अनुभव दोनदा वाचायला लावला. मी विमानाकडे झुकले होते, एक रात्र आधीचं हॉटेलही बघून ठेवलं होतं.

सासरे शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "लहानपणी मी याच धक्क्यावर येऊन जहाजं जाताना बघायचो. एकदा जहाजावरून हा धक्का बघू दे."

मग पुढे चर्चा झालीच नाही. घरच्या बंदरातूनच जातोय, समुद्र शांत असतो त्या महिन्यात. केबिन मधोमध, खालच्या डेकवर, त्यातली एक रुंद दाराची. अलास्काचं सासूबाईंनी वहीत लिहून ठेवलंय.

नोकरी केलेल्या दादांना एक प्रश्न: सुटताना धक्का जहाजाच्या कोणत्या बाजूला राहील हे आधी कळतं का? त्या बाजूची केबिन बाबांना देता येईल.

*

जहाजावर नोकरी केलेला

खात्रीने नाही सांगता येत. कोणती बाजू लावायची ते कॅप्टन आणि पायलट वारा-प्रवाह बघून ठरवतात, आणि सुटल्यावर जहाज वळतंही. केबिनचा विचार सोडा. सुटण्याआधी अर्धा तास बाबांना मागच्या बाजूच्या उघड्या डेकवर घेऊन जा, कठड्यापाशी खुर्ची ठेवा. बंदर दिसेनासं होईपर्यंत ते त्यांच्या समोरच राहील.