मदत हवी आहे: 'सेट' या शब्दाचं मूळ कोणतं?

घाईत_आहे
इंग्रजीतल्या 'सेट' शब्दाचं मूळ काय? एक कोश जुनी इंग्रजी म्हणतो, दुसरा लॅटिन. बरोबर कुठलं तेवढं सांगा. संध्याकाळच्या आत हवंय, पुराण नको.

शब्दकिडा
कुठला सेट? नाम की क्रियापद? आणि कोश कुठले?

घाईत_आहे
सेट म्हणजे सेट. एस, ई, टी. त्यात कुठला काय?

जुनं_खोड
अहो, ऑक्सफर्डच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सेटचे ४३० अर्थ आहेत. नोंदच सुमारे ६०,००० शब्दांची. आणि तुम्ही म्हणता कुठला काय!

वाटसरू
ती बातमी शिळी झाली. नव्या आवृत्तीच्या कामात 'रन' पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ.

जुनं_खोड
हातात धरता येतो तो कोश. वीस खंड. बाकी पडद्यावरचं रोज बदलतं, त्याचं मला सांगू नका.

टेक_मित्र
सेटिंग्ज सेव्ह होत नसतील तर एकदा बंद करून चालू करा. तरीही नाही झालं तर फॅक्टरी रीसेट. आधी बॅकअप घ्या.

शब्दकिडा
टेकमित्र, धागा वाचलात का?

देववाणी
कशाला डोकं शिणवताय? संस्कृत 'सद्' म्हणजे बसणे. त्याचाच सेट झाला. सगळं इथूनच तिकडे गेलंय.

शब्दकिडा
नातं आहे, पण ते चुलत भावंडांचं. क्रियापद सेट म्हणजे मुळात 'बसवणे'. जुन्या इंग्रजीत 'सेटान', 'सिट'चं प्रयोजक रूप. इंडो-युरोपीय, म्हणजे या भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतलं, मूळ 'सेद्', तेच संस्कृतात 'सद्'. म्हणून 'सिट', 'सॅडल', लॅटिनमार्गे आलेले 'सेशन' नि 'प्रेसिडेंट', आणि आपले संसद, परिषद, सभासद एकाच खानदानातले. कोणी कोणाकडून उचललेलं नाही.

पण संच या अर्थाचं नाम वेगळं. ते जुन्या फ्रेंच 'सेत'वरून आलं, आणि ते लॅटिन 'सेक्टा'वरून, म्हणजे अनुयायांचा गट. दोघांचा उच्चार एक झाला आणि पुढे अर्थही एकमेकांत मिसळले.

जुनं_खोड
सेक्टा म्हणजे कापलेला तुकडा हो. सेक्शन, सेक्टर, पंथ म्हणजे फुटून निघालेले. शाळेत शिकलोय.

शब्दकिडा
दिसायला तसंच दिसतं, पण कापण्याचं क्रियापद 'सेकारे' वेगळं. सेक्टा 'सेक्वी'वरून, मागोमाग जाणे. 'सीक्वेन्स', 'सीक्वेल' त्यातलेच. घड्याळातला 'सेकंद'सुद्धा, म्हणजे पहिल्याच्या मागून येणारा. अंगावरचा 'सूट'ही याच घरचा. देववाणींसाठी: संस्कृतात याचं भावंड 'सच्', सोबत असणे. त्यातून 'सचिव'. थोडक्यात, एका सेटच्या घरात संसद, दुसऱ्याच्या घरात सचिव.

देववाणी
म्हणजे शेवटी संस्कृतच.

शब्दकिडा
मी गप्प बसतो.

वाटसरू
सूर्य 'सेट' होतो, सिमेंट 'सेट' होतं, ते कुठल्या घरातले?

शब्दकिडा
क्रियापदाच्या. बसलं, ठरलं, खाली गेलं. टेनिसच्या सेटबद्दल मात्र मला विचारू नका, तिथे कोशकारही जपून लिहितात.

गणित_गणित
गणितातला सेट राहिला. गणितज्ञ कांटोरनं त्याला जर्मनमध्ये 'मेंगे' म्हटलं होतं. रिकाम्या सेटवर मी सविस्तर लिहू का?

घाईत_आहे
नको!! रामायण झालं, रामाची सीता कोण? मला एकच पर्याय हवाय.

शब्दकिडा
पर्याय? कसला पर्याय?

घाईत_आहे
क्विझचा. "सेट हा शब्द कोणत्या भाषेतून आला? १) ग्रीक २) लॅटिन ३) जुनी इंग्रजी ४) फ्रेंच". आम्ही उत्तर लॅटिन धरलंय. एका संघानं ३ म्हटलं आणि आता भांडतायत. निकाल आज लावायचाय.

वाटसरू
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर?

शब्दकिडा
त्या संघाला गुण द्या. तुमचंही चूक नाही. प्रश्नात वाक्य नाही, मग दोन्ही बरोबर.

घाईत_आहे
मग पुढच्या वेळी 'अ सेट ऑफ टूल्स' असं वाक्य देतो. मग लॅटिन पक्कं ना?

जुनं_खोड
इंग्रजीत ते फ्रेंचमधून आलं ना? चौथा पर्याय आहेच की तुमच्याकडे.

घाईत_आहे
😐

टेक_मित्र
रीसेट केलं का?