छापखान्यामुळे धर्मसुधारणा झाली? काहीही!

खिळेजुळारी: 'छापखाना आला आणि पाठोपाठ धर्मसुधारणा (ख्रिस्ती चर्चविरुद्धचं बंड) आलीच' असं मूळ लेखात ठोकून दिलंय. अहो, १४५४-५५ मध्ये जर्मनीतल्या माइन्झला पापमुक्तीपत्रं (पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ केल्याचे चर्चचे दाखले) छापली गेली, नाव-तारीख हाताने भरायला जागा मोकळी सोडून. गिऱ्हाईक चर्चच! जर्मन धर्मसुधारक ल्यूथर १५१७ मध्ये ज्या धंद्यावर तुटून पडला, तो छापखान्यानेच फुगवलेला. आणि बोहेमियातल्या (आजचं चेकिया) चर्चसुधारक यान हुसला १४१५ मध्ये जाळल्यावर त्याच्या अनुयायांनी चालून आलेल्या फौजा परतवल्या, एकही खिळा (छपाईचं धातूचं अक्षर) न जुळवता.

मूळ लेखक: आणि मग हुस बोहेमियाबाहेर कितीसा पसरला? ल्यूथरची १५१८ ची जर्मन पुस्तिका आठ पृष्ठांची. एक ताव दोनदा दुमडला की काम संपलं. गठ्ठे वाहून न्यायची गरज नाही. एक प्रत पोचली की तिथला छापखाना स्वतः जुळवून काढतो.

ताव-दस्ता: कागदाचं नाव कोणीच घेत नाही, नेहमीप्रमाणे. गुटेनबर्गच्या ४२ ओळींच्या बायबलची चर्मपत्री (कातड्यावर छापलेली) प्रत म्हणजे सुमारे १७० वासरांची कातडी. चिंध्यांचा कागद नसता तर काय छापणार होतात?

कांस्य: धातूचे खिळे कोरियात आधीच होते. 'जिकजी' हे तिथलं छापील बौद्ध पुस्तक १३७७ चं. तिथे का नाही उलथापालथ झाली?

मूळ लेखक: तिथल्या लिपीत हजारो चिन्हं, आणि सगळं दरबाराच्या ताब्यात.

कांस्य: जिकजी बौद्ध मठात छापलंय, दरबारात नाही. जरा वाचून बोला.

खिळेजुळारी: खरी अडचण कोरियातल्या ओतकामात. लाकडी अक्षर वाळूत दाबायचं, कांसं ओतायचं, साचा मोडून खिळा काढायचा, मग कानशीने घासायचा. पुढच्या ओतणीला वाळू पुन्हा नव्याने. युरोपात रुळलेल्या पद्धतीत पोलादी ठशाने तांब्यात एकदा खाच पाडली की तीच मातृका (अक्षराचा साचा) पुन्हापुन्हा चालते. शिसं-कथिलात अँटिमनी हा धातू घातला की खिळा कडक होतो.

कांस्य: आणि १४०३ चे कोरियन खिळे मेणात बसवत, मेण ढिलं झालं की ओळ सरकायची. १४३४ पर्यंत तळ सपाट करून बांबूच्या कामट्यांनी कसले. म्हणजे सुधारणा चालूच होती. तुमचं 'ओतकाम' एवढंच कारण पुरत नाही.

मूळ लेखक: बरं बाबा, दरबाराचं मागे घेतो. मठाचं मान्य. पण १४०३ आणि १४३४ चे खिळे कोणी ओतवून घेतले? राजानेच ना?

ताव-दस्ता: आणि छापले कशावर?