मदत हवी आहे: माझ्या फोटोतले शार्क मेल्यासारखे दिसतात

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षांपूर्वी स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला, पाठोपाठ अॅडव्हान्स्ड. आजवर 46 डाइव्ह झाल्या. गेल्या डिसेंबरात मालदीवला जाऊन आले, तिथे पहिल्यांदा शार्कचे फोटो काढले आणि सुट्टीनंतर नववीच्या वर्गात पडद्यावर लावले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ह्यो मेलाय व्हय?"

पोरगं चेष्टा करत नव्हतं, त्याला खरंच तसं वाटलं. मासा राखाडी-निळा, डोळा निस्तेज, भोवती पांढऱ्या ठिपक्यांचा सडा. आमच्याकडे शार्क म्हणजे मोरी, आणि ती मासळी बाजारात तुकडे होऊनच दिसते. जिवंत शार्क वळतो कसा, बघतो कसा, हे या मुलांना दाखवायची माझी फार मनापासूनची इच्छा आहे. फेब्रुवारीत परत चालले आहे, त्याआधी चुका सुधारायच्या आहेत.

कॅमेरा ऑलिंपस टीजी-6, त्याचं हाउसिंग (पाणी न शिरणारी पेटी), वाइड लेन्स आणि एक स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश. ट्रे (कॅमेरा बसवायची पट्टी) आणि आर्म (स्ट्रोब धरणारा दांडा) उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांकडून अॅल्युमिनियममध्ये करून घेतले. काम सुरेख झालंय, पण आर्म मी वीतभरच सांगितला होता. त्यामुळे स्ट्रोब लेन्सच्या फार जवळ राहिला. आता वाटतं, चूक तिथेच झाली.

डाइव्ह मालदीवच्या अरी अॅटोल या प्रवाळबेटांच्या कड्यातल्या माया थिलाच्या. समुद्रातून उभा राहिलेला डोंगरच तो, तळ तीस मीटरला. दिवसा व्हाइटटिप शार्क वाळूवर निवांत पडलेले असतात. कल्ल्यांमधून पाणी खेळवत त्यांना एका जागी थांबता येतं. ग्रे रीफ शार्क मात्र बाहेरच्या प्रवाहात सतत फिरते.

पाण्यात तांबडा रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच संपतो, हे मी वर्गात शिकवते. तरी 18 मीटरवर स्ट्रोब लावून निळाच फोटो आला तेव्हा गोंधळले. नंतर लक्षात आलं की स्ट्रोबच्या उजेडालाही माशापर्यंत जाऊन परत लेन्सपर्यंत यायचं असतं. मासा तीन मीटरवर असेल तर उजेडाला सहा मीटर पाणी कापावं लागतं, मग तांबडा उरणार कुठून? शिवाय पाण्याखाली सगळं पाऊण अंतरावर असल्यासारखं भासतं, म्हणून मी "जवळ आहे" म्हणत दुरूनच बटण दाबत होते. एकदा शार्क खरोखर हाताच्या अंतरावर आला, तर पोट इतकं पांढरंफटक उडालं की कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतंय. पाठ गडद, पोट पांढरं अशा माशाला स्ट्रोब किती ठेवायचा? टीजी-6 मध्ये शटर स्पीड हाताने लावता येत नाही, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा एकूण उजळपणा) उणे करून मागचं निळं पाणी कितपत गडद करता? फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढते आहे.

आता खरी अडचण. माझ्याकडे शेपट्यांचे साठएक फोटो आहेत! मी पुढे सरकले की शार्क वळतो. गाइड म्हणाला, पाठलाग करू नकोस, खाली एका जागी थांब, तो कुतूहलाने स्वतः येईल. हे पटलं आणि एकदा तसं झालंही. नाकाडावरचे काळे बारीक ठिपके दिसले. विजेचा अगदी क्षीण प्रवाह ओळखणारी ती छिद्रं. मी पुस्तकातून शिकवलेली गोष्ट चार फुटांवर होती. नेमक्या त्याच वेळी मी श्वास सोडला, बुडबुडे खळाळले आणि तो गेला. एकाने सल्ला दिला की श्वास रोखून धर. ते मी करणार नाही. स्कूबात श्वास रोखायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा; फुप्फुसाला इजा होते. मग अनुभवी लोक हे कसं जमवतात?

दुसऱ्याने सांगितलं, प्रवाहात प्रवाळाला धरून थांब. तेही नाही. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. 2024 च्या उष्ण समुद्रात लक्षद्वीपचं किती प्रवाळ पांढरं पडलं ते आपण पाहिलंय. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

सरावासाठी महिन्यातून एकदा मालवण गाठते. तिथून एक प्रश्न. दोन डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढून घरी यावं का? डाइव्हनंतर लगेच उंचीवर, कमी दाबाच्या हवेत जाणं धोक्याचं असतं. एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर विमानाआधी 18 तास थांबायचं, हे माहीत आहे. पण कोल्हापूरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि आंबोली त्याहून उंच. मी रात्री मालवणात मुक्काम करते. घाटावरचे इतर डायव्हर काय करतात?

भर, आठ दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आर्म जोडून लांब केले. स्ट्रोब आता लेन्सच्या बराच बाहेर, किंचित मागे आणि तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे लेन्ससमोरचे कण उजळत नाहीत.

मुलांनी जुन्या प्लायवर साडेतीन फुटांचा शार्क कापला. वर करडा रंग, खाली पांढरा, डोळ्याला काचेची गोटी. रविवारी माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत तो दगड बांधून सोडला. याच विहिरीत मी पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. कॅमेरा उतरवण्याआधी ओ-रिंग (हाउसिंगच्या झाकणाची रबरी कडी) बॅटरीच्या उजेडात फिरवून पाहिली, तर पंच्याचा एक धागा तिच्यावर आडवा पडलेला. केसाएवढा. तो राहिला असता तर कॅमेरा गेलाच होता. मग रिकामं हाउसिंग बादलीत बुडवून पाहिलं, कोरडं निघालं, तेव्हा कॅमेरा आत घातला.

विहिरीचं पाणी हिरवं, कणांनी भरलेलं, त्यामुळे परीक्षा कडक होती. सहा फुटांवरून नुसता हिरवा धूर. तीन फुटांवरून, स्ट्रोब सगळ्यात कमी ठेवून, पोटावरची ब्रशची रेघसुद्धा दिसली आणि गोटीत उजेडाचा ठिपका आला. ठिपक्यांचा सडा जवळजवळ नाही. काठावर बसलेली पोरं स्क्रीनवर वाकून बघत होती.

श्वासाबद्दल मात्र दोन वेगळी मतं आली आहेत: हळूहळू सोडत राहायचं, की शार्क वळण घेऊन लांब असतानाच पूर्ण सोडून घ्यायचा? ज्यांनी ग्रे रीफ शार्कबरोबर दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. तिकीट 9 फेब्रुवारीचं आहे.