'घरं रंगवतो' म्हणजे 'सुपारी घेतो' का?

दापोलीहून :
काल 'द आयरिशमन' (२०१९) पुन्हा पाहिला. तेव्हा दिग्दर्शक स्कोर्सेसी, नट डी नीरो, पेशी सगळे पंचाहत्तरी ओलांडलेले, पचिनो ऐंशीला टेकलेला. गँगस्टरपट त्यांनी तरुणपणीही केले, पण हा म्हातारपणाच्या खुर्चीत बसून सांगितलेला आहे. साडेतीन तास जड वाटले तरी शेवटचा अर्धा तास सोडू नका.

त्यात कामगार नेता हॉफा फोनवर भाडोत्री मारेकरी फ्रँकला पहिल्यांदा विचारतो, तुम्ही घरं रंगवता असं ऐकलंय. रंग म्हणजे भिंतीवर उडणारं रक्त. फ्रँक सांगतो, हो, आणि सुतारकामही माझं मीच करतो. म्हणजे प्रेताची विल्हेवाट. बहिणीला गोष्ट सांगताना मी 'सुपारी घेता का' असं म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून खटकतंय.

श्रीवर्धनहून :
खटकायलाच हवं. सुपारी हा कामाचा शब्द नाही, ठरावाचा आहे. देणारा आणि घेणारा, दोघं लागतात. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. बेंजोवाल्यांनी पालखीची सुपारी घेतली की त्या रात्री ते दुसऱ्या गावाला जात नाहीत. पैजेचा विडा उचलणं त्यातलंच. खुनाच्या धंद्याने शब्द घेतला तो या बांधिलकीसाठी, असं मला वाटतं. घरं रंगवणं हे त्यापुढचं, प्रत्यक्ष हातांचं काम.

आमची पोफळीची वाडी आहे. निसर्ग वादळात (३ जून २०२०) बरीच झाडं आडवी झाली, नवी लावलेली धरायला वर्षं जातात. संध्याकाळी आई ओटीवर अडकित्त्याने रोठा सुपारी कातरत बसते, आतला गर पांढराशुभ्र, मऊ. टीव्हीवर 'सुपारी देऊन खून' आलं की तिचा हात थांबतो. 'आपल्या फळाचं नाव कशाला रे घेतात?' दर वेळी विचारते. मला उत्तर देता येत नाही.

मालवणहून :
मग 'गेम वाजवणं'?

श्रीवर्धनहून :
त्यात फुशारकी आहे. फ्रँक शांत माणूस. मी तर 'घरं रंगवता ना?' असंच ठेवीन, काहीही न बदलता. गणपतीआधी कोकणात हा प्रश्न घरोघर विचारला जातो, म्हणून तर आपल्या कानाला तो जास्त भिववेल.

दापोलीहून :
पटलं. रंगाऱ्याला परवाच फोन केला होता. अगदी याच शब्दांत विचारलं होतं.