युन दोंग-जू : हाताने लिहिलेल्या तीन प्रती

कोरियन कवी युन दोंग-जूच्या कविता हळव्या, त्यात जपानी राजवटीला प्रतिकार कुठे आहे, असा प्रश्न कुणालाही पडू शकतो. मला वाटतं, 1941 साली त्या कवितांचं काय झालं ते पाहिलं तर उत्तर सापडतं.

सोलच्या योन्ही कॉलेजातून बाहेर पडताना त्याला 19 कवितांचा संग्रह छापायचा होता. 'आकाश, वारा, तारे आणि कविता' हे नाव. तेव्हा जपानी राजवटीत शाळांमधून कोरियन भाषा जवळजवळ हद्दपार झाली होती. प्राध्यापक ली यांग-हा यांनी जिवाच्या काळजीने त्याला थांबवलं. मग त्याने स्वतःच्या हाताने तीन प्रती लिहिल्या: एक स्वतःला, एक सरांना, एक धाकटा मित्र जोंग ब्योंग-उक याला. ब्योंग-उकला सक्तीने जपानी सैन्यात जावं लागलं, तेव्हा ती वही त्याने आईकडे सोपवली आणि ग्वांगयांगच्या घरात तिने ती लाकडी जमिनीखाली लपवून ठेवली. शेवटी तीच प्रत हाती लागली. अशा काळात कोरियनमध्ये 'पानांवरून वाहणाऱ्या वाऱ्यानेही मी व्यथित झालो' असं लिहिणं मला तरी निव्वळ हळवेपण वाटत नाही.

जपानमध्ये शिकायला जाण्यासाठी त्याला जपानी आडनाव घ्यावं लागलं. त्याची शरम त्या सुमाराच्या 'कबुलीजबाब' या कवितेत उघड दिसते. आरशाची ती कविता जरूर वाचा. क्योतोत दोशिशा विद्यापीठात असताना जुलै 1943मध्ये अटक झाली आणि 16 फेब्रुवारी 1945 रोजी फुकुओकाच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. वय अवघं 27. त्याच तुरुंगात असलेला त्याचा आतेभाऊ सोंग मोंग-ग्यू पुढच्याच महिन्यात वारला. संग्रह छापून आला तो 1948मध्ये.