वनस्पतींची जुनी छापील चित्रं जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

पळसपान:
चोरबाजारातून पांगाऱ्याचं एक चित्र घेतलं. विकणारा म्हणाला, कंपनी सरकारच्या काळातलं आहे. घरी भिंगाखाली धरलं तर फुलाच्या लाल रंगात नुसते ठिपकेच ठिपके. फार वाईट वाटलं. पण नाद सुटत नाहीये. आपल्याकडच्या झाडांच्या चित्रांची त्या काळातली अस्सल छापील पानं ओळखायची कशी? आणि आधी काय घ्यावं?

जुना कागद:
असे ठिपके बहुधा अलीकडच्या ऑफसेट छपाईचे. दहापटीचं भिंग कायम खिशात ठेवा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट बोटाला लागते, शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, ती नसते. हाताने भरलेला रंग कुठे रेषेबाहेर जातो, कुठे देठापाशी साचून गडद होतो. एकदा डोळ्यांत बसलं की चूक होत नाही.

सुरुवात वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटच्या ‘आयकोनेस’ या भारतीय वनस्पतींच्या चित्रग्रंथापासून करा असं मी आग्रहाने सांगेन. १८३८ ते १८५३ या काळात मद्रासला शिळाछापावर निघालेली ही दोन हजारांहून जास्त चित्रं बिनरंगी आहेत, म्हणून लोक त्यांच्याकडे वळून बघत नाहीत. त्यामागे रंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांचा हात आहे. पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांचं नाव सापडलं की मला अजून भरून येतं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या ग्रंथातली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींची ३०० रंगीत चित्रं (१७९५ ते १८२०) देखणीच, पण तो खर्च नंतर.

मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्टस मलाबारिकस’ या ग्रंथाचं (१६७८ ते १६९३) पान मिळालं तर झाडाची नावं बघा, त्यांत देवनागरीतलंही असतं! मात्र ही छपाई मुळात बिनरंगी होती. रंगीत पान दिसलं, तर रंग बहुधा मागाहून कुणीतरी भरलेत. विकणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा.

घेण्याआधी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या जुन्या निसर्गविषयक पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तेच पान उघडा. चित्राचा क्रमांक, मजकूर, सगळं ताडून पाहा. फुकट आहे.

आणि एक कळकळीची विनंती. शिवणीकडची कड ताजी कापलेली दिसली तर ते पान घेऊ नका. अख्खं पुस्तक फाडून सुटी पानं विकली की जास्त पैसे येतात. आपण घेत राहिलो तर उरलेली पुस्तकंही जातील.

माहेरची बाग:
पावसाळ्याचं मी सांगते. लॅमिनेशन अजिबात नको, चिकटपट्टीही नको. चित्राला आम्लरहित माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, लावा. चित्र काचेला टेकू देऊ नका, आणि फ्रेम ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. माझ्या एका पानावर दोन पावसाळ्यांत तपकिरी डाग उठले. सुटी पानं कपाटात आडवी ठेवा, कसर लागली नाही ना हे दर महिन्याला बघा.

पळसपान:
वाइटच्या पुस्तकात पांगारा आहे का, ते आजच शोधतो. भिंगही मागवलं.